साडेतीन मिलिमीटरचा फूट

"स्केल कुठलं?"

समोर काहीही ठेवा, त्यांचा पहिला प्रश्न हाच. पेपरातला पुलाचा फोटो असो, लग्नपत्रिकेवरचा गणपती असो, नाहीतर सोसायटीच्या गणेशोत्सवातला थर्माकोलचा किल्ला असो. प्रश्न विचारता विचारता उजवा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशात पेनाशेजारी सहा इंची प्लास्टिकची पट्टी असे. तिच्या एका कडेवर त्यांनी स्वतः काळ्या शाईने रेघा आखल्या होत्या, दर साडेतीन मिलिमीटरला एक. त्यांच्या लेखी त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक फूट. ती पट्टी घेऊन ते भाजी आणायलाही जात.

भाईंदर पूर्वेला तेव्हा बघावं तिथे नवं कॉम्प्लेक्स उभं राहत होतं, आणि प्रत्येक बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली त्याचं मॉडेल ठेवलेलं असायचं. एकदा माझ्या चुलतभावाला फ्लॅट बघायचा होता, म्हणून मी यांना बरोबर नेलं. भाऊ कार्पेट एरिया विचारत होता. हे मॉडेलवर ओणवे झाले, पट्टी काचेला टेकवली आणि आतली खेळण्यातली मोटार मोजली. मग त्या ऑफिसातल्या मुलीला म्हणाले, "ही गाडी चौदा फुटांची धरली, तर तुमचा स्विमिंग पूल सात फुटांचा आहे. आंघोळीला बरा." ती बिचारी म्हणाली, सर, वो तो सिर्फ आयडिया के लिए है. भावाने फ्लॅट दुसरीकडे घेतला. पुढे ते कॉम्प्लेक्स झालं आणि पूल खरोखरच लहान निघाला. अगदी सात फूट नव्हता, पण आमच्या घरात अजून सात फूट असंच सांगतात.

अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. लांबून दिसली की आपल्याला एकदम मोबाइलवर बोलायचं आठवतं. मीही तेच केलं असतं. पण मला त्यांच्याकडून पुस्तकं हवी होती.

माझं सांगायचं तर मी विम्याच्या ऑफिसातला कारकून. गिरगावातल्या दोन खोल्या भावांना सोडून नवघर रोडवर वन बीएचके घेतला, तेव्हा चाळिशी उलटली होती. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मेहुण्याने अमेरिकेहून येताना एक रेल्वेचा सेट आणला. तो आणला होता माझ्या मुलीसाठी. मुलीने तो अर्धा तास चालवला, आणि मग पुढची सगळी वर्षं मी चालवला. बोटाएवढं इंजिन, बोटाएवढे तीन डबे. जेवणाच्या टेबलावर गोल रूळ मांडायचे आणि पोळ्या होईपर्यंत गाडी फिरवायची. बायको म्हणायची, माणसं या वयात योगासनं सुरू करतात.

गाडी आली की स्टेशन हवं, बोगदा हवा, आणि हे कसं करायचं ते सांगणारं काहीतरी वाचायला हवं. इंटरनेट होतं, पण सायबर कॅफेत तासावर, आणि एक फोटो उघडेपर्यंत निम्मा तास जायचा. म्हणून मी स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात विचारलं, रेल्वे मॉडेलची इंग्रजी मासिकं येतात का. दुकानदार म्हणाला, आती है ना, पर वो सब अंकल की है, उनके लिए अलग रखता हूँ. मी म्हटलं, कोण अंकल? तर अंकल माझ्या मागेच उभे होते.

काटकुळे, पासष्टीच्या पुढचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी. एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. माझ्याकडे त्यांनी नीट पाहून घेतलं आणि तो प्रश्न विचारला. मला तोवर स्केल म्हणजे नेमकं काय तेही धड माहीत नव्हतं. सेटच्या खोक्यावर 'एन' लिहिलंय एवढं ठाऊक होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात तेच म्हणाले, "एन असेल तर आधीच सांगा. एनवाल्याला माझ्याकडे वाचायला काही नाही." त्यांच्या पिशवीतल्या मासिकांवर मोठ्या अक्षरांत एचओ छापलेलं मला दिसत होतं.

"एचओ," मी म्हटलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं कशाला? पण खोटं असंच निघतं. रेशनच्या रांगेत "माझा नंबर यांच्या मागे होता" म्हणतो, तेवढ्याच सहज. आपल्याला वाटतं, एकदा काम झालं की संपलं.

स्केलची भानगड आता थोडक्यात सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा तुम्हाला नीट कळेल. एचओ म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. खरा एक फूट तिथे साडेतीन मिलिमीटरचा होतो. एन त्याहून लहान, एकशे साठावा भाग, त्यात फूट दोन मिलिमीटरही भरत नाही. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चढत नाही, एकाचा माणूस दुसऱ्याच्या दारातून आत जात नाही. आणि मुख्य म्हणजे, एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही. घरांचे नकाशे, कातरकामाचे आराखडे, सगळं त्या त्या मापात छापलेलं. एकदा स्केल घेतलं की आपण आयुष्यभर काय वाचणार तेही ठरलं.

यावर काकांची (मी आता त्यांना काका म्हणत होतो) एक थिअरी होती, आणि ती ऐकवल्याशिवाय ते मासिक हातात देत नसत. "एनवाल्याचं इंजिन एवढंसं. त्यात बघण्यासारखं काय? म्हणून तो डोंगर-दऱ्या वाचतो. ओ स्केल एचओच्या दुप्पट, ओवाला मोठा माणूस, तो लेथ मशिनची पुस्तकं वाचतो. एचओवाल्याला सगळ्या गोष्टींवर सगळं मिळतं. म्हणून तो नुसता वाचतच बसतो." एवढं बोलून ते स्वतःच्या कपाटाकडे बघून हसत. त्यांचं कपाट म्हणजे बेडरूमची एक अख्खी भिंत होती. काकूंच्या साड्या बाहेर दिवाणाखाली होत्या.

माणसांनाही ते स्केल लावत. सोसायटीचे सेक्रेटरी ओ स्केल, जागा फार खातात आणि गोल फिरून परत तिथेच. काकू बारा इंचाला एक फूट, म्हणजे जशा आहेत तशा. मी एकदा विचारलं, आणि मी? ते म्हणाले, "तुम्ही एचओच. साधे, पण साहित्य भरपूर." मी मान डोलावली. त्या दिवशी काकूंनी थालीपीठं केली होती, तीही मी दोन खाल्ली.

त्यांनी स्वतः एचओ कसं घेतलं, हा किस्सा मला फार आवडायचा. तरुणपणी फोर्टात फूटपाथवर त्यांना सुतळीने बांधलेला एक गठ्ठा मिळाला, अकरा अंक, सगळे एचओचे. झालं. "माझं स्केल रद्दीवाल्याने ठरवलं," ते म्हणत. आणि पुढे तीस वर्षं तेच वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडचा ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, तिकडचे रूळ त्याहून अरुंद. आपली गाडी एचओत करायची तर दोन रुळांमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत, आणि बाजारात मिळतात साडेसोळाचे. म्हणजे भिंतभर मासिकांत आपल्या गाडीच्या रुळांसाठी एक ओळ नव्हती. हे सांगताना ते रागावत नसत. उलट आपल्याच लग्नातली फजिती सांगावी तसे खुशीत सांगत.

दोन वर्षं मी त्यांच्याकडून मासिकं आणली. एका वेळी तीन, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली, पान दुमडायचं नाही, जेवताना वाचायचं नाही. माझ्याजवळ नसलेल्या इंजिनांचे रिव्हेट मला पाठ झाले. वाचून वाचून हात शिवशिवायला लागले, म्हणून एचओचं एक बाकडं केलं, पाण्याची टाकी केली, साबणातून कोरून दोन हमाल केले. ते माझ्या एनच्या गाडीशेजारी उभे केले, तर हमालांनी गाडीच काखोटीला मारून घरी न्यावी असा देखावा. मी हमाल ड्रॉवरमध्ये टाकले.

काका अधूनमधून म्हणत, एकदा तुमचा लेआउट बघायला यायचंय. मी कधी रंगकाम काढायचो, कधी बायकोची आत्या आणायचो. एकदा तर घरात कांजिण्या आहेत म्हणालो. ते तेवढ्यावर ऐकायचे. आपलं कोणी ऐकतंय असं वाटलं की खोटं बोलणारा माणूस स्वतःला फार हुशार समजायला लागतो. मी समजत होतो.

मग एका आषाढातल्या दुपारी त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याची नळी काढली. तिच्यात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी होती. जमिनीवर चटईवर पसरली, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. एक शेड होती, पत्र्याची, दोन्ही बाजूंना दारं असलेली, आणि मधून जाणारा एकच रूळमार्ग. रेघ अशी की बोट लावायला भीती वाटावी.

ते भाईंदरला आले तेव्हा घराभोवती मिठागरंच होती. काकू पहिले आठ दिवस रडल्या होत्या म्हणे. रविवारी करायला काही नसे, म्हणून हे चालत चालत मुख्य लाइनपासून फुटलेल्या मिठाच्या साइडिंगपर्यंत जात. शेडमध्ये मालगाडीचा एकेक डबा ढकलत आणायचे आणि बाया टोपलीने मीठ भरायच्या. यांनी तीन रविवार खपून ती शेड मोजली. टेपचं दुसरं टोक धरलं होतं नवघर गावातल्या मुकादमाने. तो वैतागून म्हणाला होता, "हितं मापायला काय हाय? मीठ हाय नि पत्रा हाय." पुढे साइडिंग बंद झाली, रूळ उचलले, पत्रा विकला गेला. फोटो कुणी काढला नव्हता. तो कागद सोडला तर ती शेड आता कुठेच नव्हती.

"माझे हात थरथरतात," काका म्हणाले. "तुम्ही एचओत आहात. तुम्हाला काही बदलावं लागणार नाही, जसं आहे तसं कापायचं."

मी म्हटलं, करू की, घाई काय आहे. तेव्हा काकू आतून म्हणाल्या, घाई आहे. काकांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला होता. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसऱ्याची सुरुवात झाली होती. दिवाळीनंतर दोघं लेकीकडे इंदूरला जाणार होती, कायमची. काका म्हणाले, "डॉक्टर तारीख देत नाहीत. मी दिवाळी धरलीय. तोवर एकदा ती उभी राहिलेली बघायची आहे." मग चष्मा पुसत बसले. मी कागद गुंडाळून घरी आणला.

आता ऐका, मी काय केलं. कुणीही शहाणा माणूस कागद टेबलावर पसरून कातरी घेऊन बसला असता. मी विचार केला, ही शेड एचओत केली तर वीतभर लांब होणार, माझी बोटाएवढी गाडी तिच्यात उंदरासारखी फिरणार. शिवाय ते सव्वाएकोणीसचे रूळ हाताने कोण टाकणार? त्यापेक्षा शेडच एनची केली तर? माझी गाडी तिच्यातून झोकात जाईल, आणि काकांना दाखवायचे फोटो. फोटोत काय कळतंय किती मोठी आहे! हा विचार सुचला तेव्हा मी अंघोळ करत होतो. स्वतःवर खूश होऊन मी गाणंही म्हटलं.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला म्हटलं, चोपन्न टक्के रिड्यूस करून दे. तो म्हणाला, चोपन्न क्यूँ, पचास करो ना, सब लोग पचास ही करते हैं. मी त्याला स्केलवर दहा मिनिटं लेक्चर दिलं, थेट काकांच्या आवाजात. त्याने मुकाट्याने चोपन्न केले.

सहा आठवडे लागले. शेडच्या पन्हळी पत्र्यातल्या नळ्यांसाठी काकांचीच युक्ती वापरली. मलमाची रिकामी ट्यूब कापून उलगडायची, उवांच्या फणीवर ठेवायची आणि खोडरबराने दाबत न्यायची, की बारीक नळीदार पत्रा तयार. केमिस्टकडून नवी फणी आणली, तर बिल्डिंगमध्ये आमच्याकडे उवा झाल्याची बातमी पसरली आणि बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण शेड सुंदर झाली. खिडकीत उन्हात ठेवून एक अख्खा रोल संपवला आणि फोटो घेऊन काकांकडे गेलो.

काकांनी फोटो भिंगाखाली धरले. एकेक करून सगळे पाहिले. मग म्हणाले, "एका पत्र्याला दहा नळ्या असतात. इथे पाचच दिसतायत."

फणी तीच, पत्रा लहान, मग नळ्या पाचच बसणार. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं, काका, माझा हात जड आहे. ते म्हणाले, "असेल. किंवा माझेच डोळे." आणि भिंग खाली ठेवलं. स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला त्यांनी. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चिवडा खाल्ला.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. मी दार उघडलं तर काका आणि काकू. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. छातीशी दोन्ही हातांनी एक स्टीलचा डबा धरलेला. रंगकाम, आत्या, कांजिण्या, काहीच सुचलं नाही. बायको म्हणाली, या ना, हे टेबलावरच मांडून बसलेत.

काकांनी डबा उघडला. आत कापूस होता आणि कापसात मालगाडीचा एक डबा, मिठाची वॅगन. तीस वर्षं वाचून त्यांनी बनवलेली ती एकच वस्तू. हात चांगले होते तेव्हा, ऑफिसातून आल्यावर, दोन वर्षं खपून. दारांच्या कड्या निघायच्या. चाकं सव्वाएकोणीसची, म्हणजे जगात कुठल्याही विकतच्या रुळावर न बसणारी. ही त्यांच्याकडे आहे हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. उभी करायला जागा नव्हती ना, ते म्हणाले.

आणि त्यांनी ती माझ्या शेडच्या दारासमोर ठेवली.

वॅगन शेडच्या छपराएवढी उंच होती. दारात तिचं एक चाकसुद्धा गेलं नसतं. काकांनी ती जरा मागे घेतली, पुन्हा पुढे केली, जशी काही चूक तिचीच असावी. मग खिशातून पट्टी काढली आणि दाराशी धरली. मोजायची काही गरज नव्हती, तरी त्यांनी मोजलं.

"हे एन आहे."

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

बायकोने काही न कळून चहा आणला. काकांनी तो पूर्ण प्यायला. वॅगन पुन्हा कापसात ठेवली, कापूस चारी बाजूंनी नीट दाबला. दारात चपला घालताना म्हणाले, "एन म्हणाला असतात तर मी पुस्तकं दिली नसती, हेही खरंच आहे." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मला स्वतःची लाज वाटली. आयुष्यात लाज वाटण्यासारखं मी पुष्कळ केलंय, पण ते बहुतेक ऑफिसात, आणि तिथे सगळेच करतात. हे मी एका माणसाच्या डोळ्यांशी केलं होतं. ते सहा आठवडे माझे नव्हतेच, त्यांचे होते.

चार दिवसांनी उरलेली तीन मासिकं परत द्यायला गेलो. वाटलं होतं, काकू दारातूनच घेतील. पण काका चटईवर बसले होते, समोर तो मूळ कागद, चार कोपऱ्यांना चार वाट्या. कागद मी काकूंकडे आधीच पोचवला होता. त्यांनी विचारलं, "रूळ टाकता येतात का?" मी म्हटलं, नाही. "मग बसा."

रूळ टाकायला मी त्या चटईवर शिकलो. पितळेची पट्टी, आइसक्रीमच्या काड्या उभ्या चिरून केलेले स्लीपर, आणि अंतर राखायला काकांनी घासून केलेला सव्वाएकोणीसचा लाकडी तुकडा. शेडच्या खांबांना जाड पत्रा हवा म्हणून काशीमीऱ्याच्या गॅरेजांमध्ये हिंडलो. तिथल्या एका मिस्त्रीने मला वेडा समजून फुकट दिला. रुळांना कथलाचा डाग देताना जेवणाचं टेबल जाळलं, ती खूण अजून आहे. फणी आता घरात चहाच्या गाळण्याइतकी रोजची झाली. ऑफिसातून येऊन जेवायचं आणि बसायचं. एका पत्र्याला दहा नळ्या, मी प्रत्येक वेळी मोजायचो. नऊ झाल्या की पुन्हा.

पण डोळा थांबला नाही. घटस्थापनेला ते माझे रूळ बघून सांगत होते, डावीकडचा पाव मिलिमीटर आत आहे. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला गेलो, तर त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. काकूंनी नजरेनेच मला गप्प राहायला सांगितलं. शेडचं छप्पर व्हायचं होतं. घरी येऊन मी बायकोसमोर रडलो, बायकोने पानं देवापुढे ठेवली आणि म्हणाली, आता रडण्यात वेळ घालवू नका, तो एकदा घालवून झालाय.

पुढची गोष्ट आधी सांगून टाकतो. दिवाळीनंतर ती दोघं इंदूरला गेली. जायच्या आदल्या दिवशी एका टेम्पोतून त्यांची सगळी मासिकं माझ्या दारात आली, आणि वरच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी होती, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत: "एन असलात तरी." आमच्या बेडरूमची एक भिंत गेली, बायकोच्या साड्या दिवाणाखाली गेल्या. दीड-दोन वर्षं फोन चालू होते. मग एका सकाळी काकूंचाच फोन आला, झोपेत गेले म्हणून. मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. गेलो असतो तरी कुणाला काय सांगणार होतो, माझा कोण गेला म्हणून?

पण ते आठवतात ते दसऱ्यानंतरच्या त्या रविवारचे.

शेड पूर्ण झाली होती. काकूंचा हात धरून ते आले, वॅगनचा डबा मांडीवर घेऊन टेबलाशी खुर्चीवर बसले. मी वॅगन काढून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. बोटांनी रूळ शोधला, मग दुसरा रूळ, आणि वॅगन त्यावर ठेवली. चाकं बसल्याचा बारीक आवाज आला. एका बोटाने त्यांनी ती हळूच ढकलली. दारातून आत गेली, कुठेही न घासता, आणि छपराखाली उभी राहिली.

आणि त्यांनी तोंड फिरवलं. शेडकडे पाठ नाही, पण मान पूर्ण वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, अजून चिडलेत का? एवढं केलंत तर बघतही नाहीयेत.

काकू आमच्या मागेच होत्या. म्हणाल्या, "बघतायत. समोर बघितलं की त्यांना आता दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. काही बघायचं असलं की असे दुसरीकडे तोंड करून बसतात. माझ्याकडे बघायचं असलं की खिडकीकडे बघतात."

मी बाहेर आलो. काका कॅलेंडरकडे बघत होते. म्हणाले, "पलीकडचं दार थोडं कललंय."

लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, हो काका, शेवटच्या दिवशी घाईत कललं.

"खरंही कललेलंच होतं," ते म्हणाले. "मी ड्रॉइंगमध्ये सरळ करून टाकलं."

आणि मान न वळवता ते हसायला लागले. दार बघायला वाकताना मी शेड आणि त्यांच्यामध्ये आलो होतो, तो बाजूला झालो.